लाजेआडची व्याधी : मूळव्याधीचा इतिहास

प्लेग, देवी आणि पटकी यांनी गावेच्या गावे ओस पाडली, म्हणून इतिहासाने त्यांची नोंद ठेवली. परंतु काही व्याधी अशा असतात की त्या माणसाला मारीत नाहीत, केवळ त्याच्या जगण्यातील स्वस्थता हिरावून घेतात. त्यांच्यासाठी कोणी शोकसभा भरवीत नाही, की त्यांच्या निवारणासाठी कोणी नवस बोलत नाही. मूळव्याध ही अशीच एक व्याधी होय. राजवाड्यापासून झोपडीपर्यंत तिचा संचार आहे. आणि तरीही घरातल्या घरात, नवऱ्याने बायकोजवळ किंवा मुलाने बापाजवळ तिचा उच्चार करणे कठीण वाटते. तीन हजारांहून अधिक वर्षे वैद्यकाने या व्याधीशी झुंज दिली. त्या झुंजीचा इतिहास हा एका अर्थी माणसाच्या संकोचाचाही इतिहास आहे.

या व्याधीच्या नावांतूनच पुष्कळ काही कळते. संस्कृतात तिला 'अर्श' म्हणतात. शत्रूप्रमाणे प्राण पीडणारी म्हणून अर्श, अशी तिची फोड आयुर्वेदाचे आचार्य करतात. ग्रीकांनी तिला 'रक्ताचा प्रवाह' या अर्थाचे नाव दिले आणि तेच 'हेमऱ्हॉइड' या रूपाने पाश्चात्त्य वैद्यकात रूढ झाले. इंग्रजांचा 'पाइल्स' हा शब्द चेंडू या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. उत्तर हिंदुस्थानातील 'बवासीर' हा शब्द अरबी आहे. मराठी माणसाने तिला शरीराच्या मुळाशी जडलेली व्याध म्हटले आणि तिच्या गाठींना 'मोड' किंवा 'कोंब' असे शेतकऱ्याच्या बोलीतले नाव दिले. रक्त, गाठ, शत्रू, कोंब, सारे काही या नावांत आले. एक गोष्ट मात्र कोणत्याच नावात आली नाही. ती म्हणजे ओल.

रक्त दिसले की माणूस घाबरतो आणि निदान घाबरून का होईना, वैद्याकडे जातो. पण कित्येक रोग्यांना रक्त क्वचितच पडते. त्यांना रोज सतावतो तो एक पातळ, चिकट, बुळबुळीत स्राव. तो कपड्याला लागतो, त्वचा ओली ठेवतो, खाज आणतो. आणि चारचौघांत बसलेल्या माणसाच्या मनात आपल्याला वास तर येत नसेल ना, अशी शंका पेरतो. हा स्राव जिवाला घातक नाही. म्हणून वैद्यकाच्या इतिहासात त्याला नेहमी दुय्यम जागा मिळाली. रोग्याच्या दिनक्रमात मात्र त्याची जागा पहिली होती.

प्राचीन इजिप्तमध्ये या विकारांसाठी स्वतंत्र वैद्य असत. गिझा येथे सापडलेल्या एका शिलालेखात इरी नावाच्या राजवैद्याच्या पदव्या कोरलेल्या आहेत. नेत्रवैद्य आणि उदरवैद्य या पदव्यांच्या बरोबरीने 'गुदद्वाराचा रक्षक' ही पदवीही त्याने मोठ्या अभिमानाने मिरविलेली दिसते. पुढे इसवी सनापूर्वी सुमारे 1200 च्या आगेमागे लिहिला गेलेला एक पपायरस आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. चेस्टर बीटी या संग्राहकाच्या नावाने तो ओळखला जातो, आणि त्यातील मजकूर मुख्यतः गुदविकारांनाच वाहिलेला आहे. जळजळ शमविणे, थंडावा आणणे, बस्ती देणे अशा उपायांची त्यात रेलचेल आहे. ज्या अवयवाचे नाव घेण्यास पुढच्या पिढ्या लाजल्या, त्याच्या रक्षणाची पदवी एके काळी राजदरबारी मानाची समजली जात होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

भारतात या विषयाचा जो विचार झाला तो अधिक सखोल होता. सुश्रुताने स्वभावतःच बरे करण्यास कठीण अशा आठ व्याधींना 'महागद' म्हटले. त्या आठांत वातव्याधी, प्रमेह, कुष्ठ आणि भगंदर यांच्या पंक्तीला अर्शालाही बसविले आहे. गुदमार्गाला तीन वळ्या असतात असे त्याने सांगितले आणि त्यांना त्यांच्या कार्यावरून नावे दिली : प्रवाहणी, विसर्जनी आणि संवरणी. पहिली पुढे ढकलणारी, दुसरी बाहेर टाकणारी, तिसरी मिटवून घेणारी. शरीराचा हा भाग जसा टाकण्याचे तसाच धरून ठेवण्याचेही काम करतो, ही जाणीव त्या तिसऱ्या नावात आहे.

उपचारांचे चार मार्ग सुश्रुताने सांगितले : औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. नव्याने उत्पन्न झालेल्या सौम्य अर्शांना औषध. मऊ, पसरलेल्या आणि खोल रुतलेल्यांना क्षार. खरखरीत, घट्ट आणि जाड असलेल्यांना अग्नी. आणि ज्यांचे मूळ बारीक आहे, जे उंच आलेले आहेत आणि ज्यांतून ओल पाझरते त्यांना शस्त्र. येथे ओल हे केवळ लक्षण राहिले नाही. उपचार निवडण्याचा एक निकष म्हणून तिला स्थान मिळाले. तपासणीसाठी त्याने गाईच्या आचळाच्या आकाराचे नळीसारखे यंत्र वर्णिले आहे. त्याची लांबी चार अंगुळे; पुरुषांसाठी परीघ पाच अंगुळे आणि स्त्रियांसाठी सहा. क्षार लावला की शंभर अक्षरे उच्चारण्यास लागतो तेवढा वेळ थांबावे. मोडाचा रंग पिकलेल्या जांभळासारखा झाला की पुरे समजावे. आणि सारे मोड एकाच वेळी न हाताळता एकेकाला सात-सात रात्रींचे अंतर द्यावे. घड्याळ नसलेल्या काळातील ही शिस्त पाहिली म्हणजे मन थक्क होते.

चरकाची दृष्टी वेगळी. तो शल्यवैद्य नव्हता. कायचिकित्सेचा आचार्य होता. त्याने अर्शांचे दोन मोठे भाग पाडले : शुष्क आणि आर्द्र, म्हणजे कोरडे आणि पाझरणारे. कफप्रधान अर्शांचे वर्णन करताना त्याने दोन लक्षणे एकत्र नोंदविली आहेत. एक म्हणजे फार खाज, आणि दुसरे म्हणजे पांढरट किंवा तांबूस, चिकट असा सतत चालणारा स्राव. त्या स्रावाला त्याने 'पिच्छा' असा शब्द वापरला आहे. ओल आणि खाज यांचे नाते आजचा वैद्य सांगतो. ते नाते त्या प्राचीन निरीक्षकाच्या नजरेतून सुटलेले नव्हते.

कारणे सांगतानाही चरक रोग्याच्या रोजच्या वागण्याकडे पाहतो. ओबडधोबड आणि कठीण आसनावर बसणे, उंटासारख्या वाहनावरून प्रवास करणे, वेग अडवून धरणे, वेग नसता कुंथणे. आणि त्याबरोबर वस्त्र, ढेकूळ, गवत इत्यादींनी तो भाग वारंवार घासणे. हे शेवटचे कारण मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण इतिहासात ते पुन्हा भेटणार आहे.

याहून महत्त्वाची आहे ती त्याने दिलेली सावधगिरीची सूचना. शस्त्र, क्षार आणि अग्नी हे अनुभवी हातांचे काम आहे. ते चुकले तर काय काय ओढवते याची यादीच तो देतो. रक्तस्राव, सूज, व्याधीचे पुन्हा उगवणे, गुदाचा भ्रंश, प्रसंगी मृत्यू. आणि या यादीत एक छोटा शब्द आहे : 'क्लेद'. क्लेद म्हणजे ओल, न हटणारा ओलसरपणा. रोग काढावयास गेले आणि कायमची ओल पदरी पडली, असे होऊ शकते, हे त्याने सांगून ठेवले. या शब्दाची किंमत पाश्चात्त्य शस्त्रवैद्यकाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोजावी लागली.

म्हणूनच चरकाने औषध आणि आहार यांवर भर दिला. वात आणि कफ यांपासून झालेल्या अर्शावर ताकासारखे दुसरे औषध नाही, असे त्याचे ठाम मत होते. सात दिवस, दहा दिवस, पंधरवडा किंवा महिनाभर, रोग्याची शक्ती पाहून ताक द्यावे आणि ते हळूहळू कमी करावे, असा क्रम त्याने आखून दिला. निरनिराळ्या वनस्पतींच्या कोमट काढ्यात रोग्याला बसवावे, असेही त्याने सांगितले. आजचा शल्यवैद्य रोग्याला टबभर कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसावयास सांगतो, तेव्हा तो या जुन्या उपचाराचीच साधी आवृत्ती वापरीत असतो.

ग्रंथांतील हे ज्ञान हळूहळू स्वयंपाकघरात उतरले. अमरकोशात सुरणाच्या कंदाला 'अर्शोघ्न' असे नाव दिलेले आहे. अर्शाचा नाश करणारा तो अर्शोघ्न. कोकणातील घरांत चिंच किंवा आमसूल घालून खाज मारलेली सुरणाची भाजी आणि जेवणाच्या शेवटी ताक ही जोडी पिढ्यान्पिढ्या चालत आली. गुजरातेतून आलेला इसबगोलाचा भुसा पुढे देशभर घरोघरी पोहोचला. ज्या गोष्टीची चर्चा ओसरीवर होऊ शकत नव्हती, तिचा उपचार असा गुपचूप ताटात वाढला जात होता.

ग्रीकांची वाट अधिक दाहक होती. हिपोक्रेटसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात मूळव्याधीवर एक छोटा स्वतंत्र ग्रंथ आहे. पित्त किंवा कफ गुदाच्या शिरांत साठला म्हणजे ही व्याधी होते, असे त्यात सांगितले असून लोखंडाच्या तापविलेल्या सळयांनी डागणी देण्याची रीत वर्णिली आहे. डागताना रोग्याचे डोके आणि हात घट्ट धरावेत. त्याने ओरडले तर चांगलेच, कारण ओरडण्याने तो भाग अधिक बाहेर येतो, असा व्यवहारी सल्लाही तेथे आहे. त्यानंतर वाटलेल्या मसुरांचा शिजवून केलेला लेप काही दिवस बांधावयाचा असे. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने जवसाच्या धाग्याने मोडाचे मूळ बांधण्याची रीत नोंदविली. हा साधा धागा पुढे फार दूरवर जाणार होता.

त्याच ग्रीक परंपरेने युरोपच्या गळ्यात एक विलक्षण समजूतही बांधली. जुनी मूळव्याध बरी करताना एखादा मोड तरी राहू द्यावा, नाहीतर जलोदर किंवा क्षय होण्याचे भय असते, असे हिपोक्रेटसच्या सूत्रांत म्हटले होते. शरीरातील दूषित रस या वाटेने वाहून जातात; ती वाट बुजवू नये, असा त्याचा अर्थ घेतला गेला. जर्मन भाषेत तर या व्याधीला 'सोन्याची शीर' असे नाव पडले. वाहते तेच हितकर, ही कल्पना शतकानुशतके टिकली आणि असंख्य रोग्यांना त्यांचा पाझर देवाचा प्रसाद म्हणून सोसावा लागला.

अरबी वैद्यकाच्या परंपरेत बाराव्या शतकात एक शांत, समंजस आवाज उमटला. इजिप्तमध्ये सलाउद्दीनच्या दरबाराशी संबंध असलेला ज्यू तत्त्वज्ञ आणि वैद्य मायमोनिडीस याने एका खानदानी तरुणासाठी मूळव्याधीवर अरबी भाषेत सात प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. पचन सुधारा, मलावरोध टाळा, हलके अन्न घ्या, कोमट पाण्याचा उपयोग करा, असे त्याचे म्हणणे होते. कापून टाकल्याने परिणाम जातो, कारण राहते. आणि कारण राहिले की व्याधी पुन्हा येते, अशी शंका त्याने शस्त्रक्रियेबद्दल बोलून दाखविली. चरक आणि मायमोनिडीस यांची भेट होण्याचा संभव नव्हता. परंतु दोघांनी रोग्याच्या ताटापासून सुरुवात केली.

1686 मध्ये फ्रान्समध्ये एक घटना घडली आणि काही काळ हा संकोच उलटापालटा झाला. राजा चौदावा लुई याला भगंदर झाले होते. भगंदर हा मूळव्याधीचा शेजारी. दोहोंची जागा तीच, पाझरही तसाच आणि लाजही तीच. 18 नोव्हेंबर 1686 रोजी शस्त्रवैद्य फेलिक्स याने राजावर शस्त्रक्रिया केली. भूल देण्याची सोय त्या काळी नव्हती. राजा बरा झाला. आणि जी गोष्ट कुजबुजीचा विषय होती ती एकाएकी प्रतिष्ठेची ठरली. आपल्यालाही तीच व्याधी आहे असे सांगण्यात दरबारी लोकांना भूषण वाटू लागले, असे समकालीनांनी लिहून ठेवले आहे. लाज ही व्याधीच्या अंगची नसते, समाजाच्या नजरेची असते, याचा याहून चांगला पुरावा क्वचितच मिळेल.

गरिबांच्या वाट्याला मात्र हा मान येणार नव्हता. त्यांच्यासाठी 1835 मध्ये लंडनमध्ये फ्रेडरिक सामन या शस्त्रवैद्याने अवघ्या सात खाटांचे एक रुग्णालय उघडले. गुदविकारांनी पीडलेल्या गरिबांना आराम देणारे, असे त्याच्या नावातच म्हटले होते. 1854 मध्ये 25 एप्रिल या संत मार्कच्या दिवशी ते नव्या इमारतीत गेले आणि पुढे सेंट मार्क्स रुग्णालय या नावाने जगभर प्रसिद्ध झाले. चार्ल्स डिकन्स हा थोर कादंबरीकारही 1841 मध्ये याच सामनच्या हातून भगंदराची शस्त्रक्रिया करून घेणारा रोगी होता. ज्या व्याधीसाठी कोणी दार उघडीत नव्हते, तिच्यासाठी उघड नाव लिहिलेले एक दार उभे राहिले, ही सामनची खरी कामगिरी.

अमेरिकेत याच सुमारास लाजेचा बाजार सुरू झाला. 1857 मध्ये जोसेफ गेएटी याने शौचासाठी खास कागद विकावयास काढला. छापील कागदाच्या वापराने मूळव्याध होते आणि आपल्या औषधी कागदाने ती टळते, असा त्याचा दावा होता. दावा अतिरेकी होता. पण खरखरीत वस्तूने घासणे वाईट, हा त्यातला अंश चरकाच्या ढेकूळ-गवताच्या इशाऱ्याची आठवण करून देतो. पुढे 1871 पासून कार्बोलिक आम्लाची सुई टोचण्याची एक रीत निघाली. ती गुप्त ठेवून फिरत्या वैदूंनी गावोगाव विकली, आणि तिचे दुष्परिणाम होत राहिले. भारतात रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंतींवर बवासीर आणि भगंदर यांच्या हमखास इलाजाच्या रंगविलेल्या जाहिराती प्रवाशांना परिचित आहेत. ज्या दुखण्याबद्दल माणूस मोठ्याने विचारू शकत नाही, त्याचा व्यापार भिंतींवर मोठ्या अक्षरांत चालतो.

1882 मध्ये मँचेस्टरच्या वॉल्टर व्हाइटहेड याने एक धाडसी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. मोड जेथे उगवतात तो आतील अस्तराचा संपूर्ण वेढाच कापून काढावयाचा आणि वरचे अस्तर खाली ओढून बाहेरच्या त्वचेला शिवून टाकावयाचे. 1887 मध्ये त्याने ओळीने तीनशे रोगी बरे केल्याचे जाहीर केले. कुशल हातांत ही रीत यशस्वी झाली. परंतु इतरांच्या हातून एक विपरीत घडू लागले. आतले ओलसर अस्तर बाहेर, त्वचेच्या जागी येऊन बसे. या अस्तराचा धर्मच चिकट रस पाझरण्याचा. मोड गेले, रक्त थांबले. पण रोगी रात्रंदिवस ओला राहू लागला. या विकृतीला वैद्यकाने व्हाइटहेडचेच नाव दिले. चरकाच्या यादीतील 'क्लेद' हा शब्द जणू इंग्लंडच्या रुग्णालयांत जिवंत होऊन आला होता.

या अनुभवाने विसावे शतक शहाणे झाले. 1937 मध्ये सेंट मार्क्स रुग्णालयाच्या मिलिगन, मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत मांडली तिच्यात मोड वेगवेगळे काढून मधल्या निरोगी त्वचेचे पूल जाणीवपूर्वक राखले जात. 1963 मध्ये डेट्रॉइटच्या बॅरनने मोडाच्या मुळाशी छोटे रबरी कडे चढविण्याची सोपी रीत रूढ केली. तेथे वेदनेची जाणीव कमी असल्यामुळे भूल लागत नाही. रक्त न पोचल्याने मोड आठवडाभराच्या सुमारास गळून पडतो. सेल्ससच्या धाग्याचाच हा रबरी वंशज. इकडे काशी हिंदू विश्वविद्यालयात 1960 च्या दशकात क्षारसूत्राच्या जुन्या पद्धतीचा नव्याने अभ्यास सुरू झाला. निवडुंगाचा चीक, क्षार आणि हळद यांची पुटे दिलेला तो धागा मुख्यतः भगंदरावर उपयोगी ठरला आणि 1991 मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या चाचणीतही त्याची परीक्षा झाली.

याहून मोठा बदल झाला तो समजुतीत. 1975 मध्ये थॉमसन या ब्रिटिश शल्यवैद्याने दाखवून दिले की मूळव्याध म्हणजे केवळ फुगलेल्या शिरा नव्हेत. प्रत्येक निरोगी माणसाच्या गुदमार्गात तीन मऊ गाद्या असतात. दार घट्ट मिटावे, वायू आणि पातळ मल अडून राहावा, यासाठी निसर्गाने त्या ठेविल्या आहेत. त्यांना धरून ठेवणारे तंतू सैल झाले की त्या खाली घसरतात, आणि हीच मूळव्याध. सुश्रुताच्या 'संवरणी' या नावाची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. जी वस्तू मुळात रक्षणासाठी आहे ती सरसकट कापून टाकणे शहाणपणाचे नाही, हे आता शल्यवैद्य जाणतात.

ओल का येते याचेही उत्तर या समजुतीत आहे. आतील अस्तर रस पाझरणारे, बाहेरची त्वचा कोरडेपणाची सवय असलेली. गादी घसरून दाराबाहेर डोकावली की तिच्याबरोबर रसही बाहेर येतो. शिवाय दार पुरते मिटत नाही. त्वचा भिजते, फुगते, तिला खाज सुटते. रोगी खाजवितो, साबण लावून चोळतो, जंतुनाशक ओततो. त्वचा अधिक सोलवटते आणि अधिक पाझरते. कित्येकांच्या बाबतीत अर्धे दुखणे मोडाचे असते, आणि अर्धे स्वच्छतेच्या अतिरेकाचे.

यावरील रोजचे उपाय साधे आहेत. शौचानंतर साध्या कोमट पाण्याने धुवावे, घासू नये. मऊ सुती कापडाने टिपून जागा कोरडी करावी. बाहेर आलेला मोड हलक्या बोटाने आत सरकवावा. पाझर असेल तर सुती कापडाची किंवा कापसाची घडी ठेवावी आणि ती ओली होताच बदलावी. त्वचेवर व्हॅसलिनचा किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्यावा, म्हणजे ओल त्वचेपर्यंत पोचत नाही. औषधविक्रेत्याकडून मिळणारी स्टेरॉइडयुक्त मलमे वैद्याच्या सल्ल्यावाचून आठवड्यापलीकडे वापरू नयेत, कारण त्यांनी त्वचा पातळ होते. शौचकूपात वर्तमानपत्र किंवा फोन घेऊन बसू नये, कुंथू नये. आणि पोट साफ राहील असा चोथ्याचा आहार, भरपूर पाणी व गरजेप्रमाणे इसबगोल घ्यावा.

या शेवटच्या सल्ल्याला आधुनिक आधार आहे. युगांडात अनेक वर्षे काम केलेला आयरिश शल्यवैद्य डेनिस बर्किट याने 1972 मध्ये चोथाहीन आहार आणि मूळव्याध यांचा संबंध सुचविला. 2005 मध्ये 7 चाचण्यांतील 378 रोग्यांच्या एकत्रित अभ्यासात चोथ्याने रक्तस्रावाचा धोका सुमारे निम्म्यावर आल्याचे दिसले. खाज आणि बाहेर येणारा मोड यांवर त्याचा परिणाम इतका स्पष्ट दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगावयास हवे. ज्यांचा पाझर आहाराने थांबत नाही, त्यांना रबरी कड्यासारखा उपचार किंवा शस्त्रक्रिया लागते. मोड आत राहू लागले की ओलही ओसरते.

येथेच लाजेचा खरा धोका दिसतो. मराठी घरांत शौचातून चिकट स्राव गेला की 'आव पडते' असे म्हणून तो आमांशाच्या खाती टाकला जातो. कपड्याला लागला तर मूळव्याधीच्या खाती. दोन्ही खाती चुकीची असू शकतात. मुरडा येऊन, वारंवार शौचाला जाऊन आव पडत असेल तर ते आतड्याच्या दाहाचे लक्षण असू शकते. भगंदराचा पू, गुदभ्रंश, आतड्यातील गाठ, प्रसंगी कर्करोग, यांची सुरुवातही अशाच ओलीने होते. चाळिशी उलटल्यावर प्रथमच असा स्राव किंवा रक्त दिसू लागणे, शौचाची सवय बदलणे, वजन घटणे, चेहरा पांढुरका पडणे, यांपैकी काहीही आढळले तर मूळव्याधच असेल असे घरी ठरवून बसणे घातक होय. तपासणीस दहा मिनिटे पुरतात. संकोचापायी ही दहा मिनिटे वर्षानुवर्षे पुढे ढकलली जातात. बाळंतपणापासून हे दुखणे अंगावर काढणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तर विशेषच.

इरीने आपली पदवी दगडात कोरली, सुश्रुताने या व्याधीसाठी यंत्र घडविले, सामनने तिच्या नावाने रुग्णालय उघडले. या कोणालाही तिचे नाव घेण्यात कमीपणा वाटला नाही. आणि जेथे जेथे ते उघडपणे घेतले गेले, तेथे तेथे उपचार पुढे गेला. ताक, कोमट पाणी, मऊ कापड आणि एकेक मोड धीराने हाताळणारा वैद्य हे उपाय जुने आहेत व आज ते कोणाच्याही आवाक्यातले आहेत. त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी रोग्याला एवढेच करावयाचे आहे, की आपले दुखणे एकदा घरच्या माणसाजवळ आणि मग वैद्याजवळ शब्दांत सांगावयाचे.